ॲम्बेसेडरच्या छताच्या सांध्यात शिसं की लांबी (पुट्टी)?

मार्क२वाला
नमस्कार मंडळी. गाडी १९६६ ची ॲम्बेसेडर मार्क २, इंदूरच्या राजेंद्र नगरात शेडखाली उभी आहे. रंग उतरवला तर छत आणि मागचा खांब जुळतात तिथे दोन्ही बाजूंना वीतभर लांब, चार बोटं रुंद असा करड्या मऊ धातूचा पट्टा निघाला. पेचकसाने ओरखडलं की चकाकतो. डावीकडचा शाबूत आहे. उजवीकडचा कडेने सुटलाय, खाली गंज दिसतो. शिवाय उजव्या मागच्या दाराचा खालचा कोपरा कुणीतरी पूर्वी बोटभर जाड लांबीने थापलाय. डेंटर म्हणतो, सगळं खरवडू, लांबी भरू, तीन दिवसांत गाडी रंगाला. सांध्यात परत शिसंच भरायचं का? आणि दाराला काय करायचं? जूनच्या मध्यापर्यंत गाडीवर निदान प्रायमर तरी चढवायचा आहे.

सांवेर_रोड
डेंटरला उगाच झोडपू नका, त्याचं अर्धं बरोबर आहे. १९५० च्या दशकात पॉलिस्टर लांबी बाजारात आली तेव्हाचा माल आणि आजचा माल यात बराच फरक आहे. दाराचा कोपरा आधी गंजमुक्त करा, भोक असेल तर पत्र्याचं ठिगळ वेल्ड करा, ठोकून पातळीत आणा आणि वर दोन-तीन मिमी लांबी. तिथे शिशाचा हट्ट नको. सांध्यालाही लांबी चालते, पण अट आहे: खालचं वेल्ड सलग हवं. कारखान्याने तिथे ठिपक्या-ठिपक्यांचं स्पॉट वेल्ड मारलेलं असतं. दोन ठिपक्यांच्या मधला पत्रा गाडी खड्ड्यात आपटली की हलतो, लांबी हलत नाही, मग केसासारखी चीर पडते आणि रंगावर उमटते.

थापी_आणि_मेण
अट बरोबर सांगितलीत, पण तीच अट इथे पाळता येत नाही. छताच्या टोकाला सलग वेल्ड मारलं की आकसून छताचा पत्रा ओढला जातो आणि सपाट भागात डबडब वाजणारी जागा तयार होते. ती काढणं सांधा भरण्यापेक्षा दसपट अवघड. म्हणून तर कारखाने दोन्ही पत्र्यांच्या कडा दाबून खोबण करत, खोबणीत स्पॉट वेल्ड मारत आणि वरून शिसं भरून सलग आकार काढत.

दुसरं म्हणजे खोली. खोबण मध्यभागी सहज पाच मिमीपर्यंत जाते. पॉलिस्टर लांबी तयार कामात तीन मिमीच्या वर गेली की धोका सुरू. तापमानाबरोबर ती पोलादाच्या कितीतरी पट जास्त फुगते-आकसते आणि स्वभावाने ठिसूळ असते. शिसंही पोलादाच्या दुपटीहून जास्त फुगतं, पण ते मऊ आहे, ताण पडला तर तडकण्याऐवजी वाकतं. आणि मुख्य म्हणजे ते चिकटवलेलं नसतं. शिशात मिसळलेलं कथील आणि पत्र्याचं लोखंड यांच्या सीमेवर मिश्रधातूचा पातळ थर तयार होतो. लांबी फक्त ओरखड्यांना धरून बसते.

मार्क२वाला, डावीकडच्या पट्ट्याला हात लावू नका. हातोडीच्या दांड्याने हलकं ठोका, कडेला नख लावून बघा. आवाज भरीव आणि कड बंद असेल तर साठ वर्षं टिकलेलं काम उकरण्यात काही शहाणपण नाही.

लोकमान्यनगरकर
एक भर. जिथे रंग अजून निघालेला नाही तिथे चुंबकाच्या भरवशावर राहू नका. शिशावरही चुंबक धरत नाही आणि लांबीवरही नाही. जागा नुसती भरलेली आहे एवढंच कळतं, कशाने ते नाही. आर टोचून बघा. लांबीतून भुकटी येते, बहुधा गुलाबी, पिवळसर किंवा करडी. शिशावर चमकदार चर पडते.

मार्क२वाला
सगळ्यांचे आभार. उजवा पट्टा काढला. खोबण २० सेंमी लांब, ६ सेंमी रुंद, मध्ये खोली ५ मिमी, कडांना शून्य. गंज वरवरचा आहे, भोक नाही. शिसं किती लागेल आणि कसलं घ्यायचं? ओळखीतल्या एकाने जुन्या बॅटरीच्या प्लेटा वितळवून देतो म्हटलंय. सोल्डरची तार मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हवी तेवढी मिळते.

थापी_आणि_मेण
सरासरी खोली ३ मिमी धरा. म्हणजे ३६ घन सेंटिमीटर. आपल्याला लागणारा मिश्रधातू घन सेंटिमीटरला सुमारे ९.७ ग्रॅम भरतो, म्हणून ३५० ग्रॅम. जरा उंच भरून कानशीने खाली आणायचं असतं, त्यामुळे अर्धा किलो हाताशी ठेवा. तेवढीच जागा लांबीने भरली असती तर ६५ ग्रॅममध्ये काम झालं असतं, हा लांबीचा फायदा प्रामाणिकपणे मान्य.

धातू ३० टक्के कथील, ७० टक्के शिसं. प्रमाण का महत्त्वाचं ते बघा. कथील-शिशाचं कुठलंही नेहमीचं मिश्रण १८३ अंशाला मऊ व्हायला लागतं. पूर्ण पातळ कधी होतं ते प्रमाणावर ठरतं. ६० टक्के कथिलाची सोल्डरची तार १९० च्या आसपास पाणी होते. म्हणजे मऊ आणि पातळ यात जेमतेम सात अंश, उभ्या खांबावर ती थापता येणार नाही, सरळ ओघळेल. ५०-५० ला तीसेक अंश मिळतात. ३०-७० मात्र १८३ पासून २५५ पर्यंत श्रीखंडासारखं राहतं. सत्तर अंशांची ही पट्टी म्हणजेच सगळी कला. २०-८० ला पट्टी आणखी रुंद, पण वरचं टोक २८० च्या घरात जातं आणि पत्रा जास्त तापवावा लागतो.

तयार कांड्या मिळाल्या तर त्याच घ्या. नाहीच मिळाल्या तर अर्ध्या किलोसाठी १५० ग्रॅम कथील, ३५० ग्रॅम शुद्ध शिसं. कथील कसेरा बाजारात कलईवाल्यांचा माल विकणाऱ्यांकडे रांगा म्हणून मागा, शुद्ध सांगून घ्या. भाव शिशाच्या दहापटीहून जास्त असतो, म्हणून भेसळही त्यातच होते. लोखंडी कढल्यात आधी शिसं वितळवा, ते ३२७ अंशाला वितळतं. मग कथील सोडा, मेणाचा खडा टाकून ढवळा, वरची मळी काढा आणि अँगलच्या खाचेत ओतून बोटाएवढ्या जाड कांड्या पाडा. अँगल आधी ज्योतीवर फिरवून कोरडा करा. ओलाव्याचा थेंब असेल तर वाफ होऊन वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. हे काम उघड्यावर, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून.

रसायनवाले
बॅटरीच्या प्लेटांना साफ नाही म्हणा. त्यात नुसतं शिसं नसतं. जुन्या बॅटरीच्या जाळीत अँटिमनी आणि थोडं आर्सेनिक असतं, नव्यात कॅल्शियम असतं, वर सल्फेटची भुकटी आणि ॲसिड. कॅल्शियममुळे मिश्रण खरखरीत होतं आणि पत्र्याला नीट धरत नाही. पण खरी भीती वेगळी: आर्सेनिक असलेला धातू, जस्त आणि ॲसिड एकत्र आले की आर्साइन वायू सुटू शकतो. तो जीवघेणा आहे. आणि आपलं फ्लक्स (कथील धरावं म्हणून पत्र्याला लावायचं द्रव्य) जस्त आणि ॲसिडचंच असतं.

आणि नुसतं शिसं, कितीही शुद्ध असो, पोलादाला धरतच नाही. धरतं ते कथील.

मार्क२वाला
प्लेटांचा बेत रद्द. आता पायऱ्या सांगा. गॅस वेल्डिंगचा संच डेंटरकडे आहे, एलपीजीचा टॉर्चही आहे.

थापी_आणि_मेण
एलपीजीचा टॉर्च घ्या. ऑक्सी-ॲसिटिलीनची टोकदार ज्योत नवशिक्याच्या हातात पत्रा वाकवते. तिच्यावाचून गत्यंतर नसेल तर मोठं नोझल आणि मऊ, पिसासारखी ज्योत.

आधी पत्रा. खोबणीच्या बाहेर सगळ्या बाजूंनी पाच सेंमीपर्यंत रंग, प्रायमर, गंज काहीही शिल्लक नको. वायर ब्रश आणि ८० नंबरचा कागद. गंजाचे खोल खड्डे असतील तर टोकदार ब्रशने तळापर्यंत पांढरे करा, कारण काळ्या ठिपक्यावर कलई बसत नाही आणि नंतर सुटायला सुरुवात तिथूनच होते. आतलं अस्तर, काचेची रबरं आणि वायरिंग काढून घ्या. पाण्याची बादली जवळ ठेवा.

मग कलई. टिनिंग पेस्ट मिळाली तर उत्तम. तिच्यात सोल्डरची भुकटी आणि फ्लक्स एकत्रच असतं. ब्रशने पातळ फासा, ज्योत लांबून फिरवत पत्रा तापवा. पेस्ट तपकिरी होते आणि मध्ये मध्ये धातूचे चमकदार थेंब दिसायला लागतात. त्या क्षणी ओलसर सुती फडक्याने एका दिशेने पुसा. खाली आरशासारखा रुपेरी थर दिसला पाहिजे. जिथे काळं राहील तिथे परत. ही पायरी घाईत उरकली की पुढचं सगळं फुकट.

ज्योतीच्या कडेच्या उघड्या पत्र्याकडे लक्ष असू द्या. पिवळट झाक आली की २२० ते २३० अंश, तिथपर्यंत ठीक. निळा पडला म्हणजे ३०० च्या घरात गेलात. कलई जळते, पत्रा ताणला जातो. निळ्या झालेल्या जागी परत घासून परत कलई.

आता भरणं. कांडीचं टोक आणि पत्रा दोन्ही एकदम तापवा. टोक लवायला लागलं की पत्र्यावर दाबून किंचित पीळ द्या, तुकडा चिकटून राहतो. असे तुकडे ओळीने लावून घ्या, मग थापी हातात घ्या. थापी घट्ट रेषेच्या, चीक नसलेल्या कठीण लाकडाची, तळ गुळगुळीत. मधमाशीचं मेण किंवा चरबी वितळवून ठेवा आणि दर दोन-तीन हातांनंतर थापी त्यात बुडवा, नाहीतर शिसं लाकडाला चिकटून ओढलं जाईल. उभ्या जागी थापी खाली आधाराला, ज्योत वर. ज्योत एका जागी कधीच थांबू नये: आत, बाहेर, आत, बाहेर. शिसं चकचकीत होऊन थरथरलं म्हणजे ओघळायच्या बेतात आहे, ज्योत लगेच काढा. उलट ते दाणेदार, मातकट दिसत असेल तर थंड आहे. तसंच दाबलंत तर थरावर थर नुसता बसतो, जुळत नाही.

पत्र्याच्या वर एक-दीड मिमी उंच ठेवा आणि आपोआप थंड होऊ द्या. ओलं फडकं मारून थंड करायची डेंटर लोकांची सवय इथे नको, छताला पोक येईल.

शेवटी कानस. वळणदार दात असलेली बॉडी कानस घ्या, ती शिशात भरत नाही. साध्या बारीक दातांच्या कानशीत शिसं लगेच अडकतं. तिरपे, लांब हात, आधी मधून, मग कडांकडे. ग्राइंडर, डिस्क, ऑर्बिटल सँडर, काहीही विजेचं शिशाला लावायचं नाही. एक तर पत्र्याआधी शिसं खाल्लं जाऊन खड्डा पडतो. दुसरं कारण रसायनवाले सांगतीलच.

रसायनवाले
सांगतो, पण धुण्यापासून सुरुवात करतो, कारण शिशाच्या कामाची बदनामी निम्मी त्यामुळेच आहे.

फ्लक्समधलं झिंक क्लोराइड हवेतलं पाणी शोषतं. ते रंगाखाली राहिलं की उन्हाळ्यात काही दिसत नाही, पहिल्या पावसात सांध्यावर फोड येतात. लोक म्हणतात शिसं ‘घामतं’. शिसं घामत नाही, ते मीठ घामतं. उपाय म्हणून खाण्याचा सोडा सगळेच सांगतात: लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, ब्रशने घासायचं, फसफस थांबेपर्यंत. पण सोडा मारून थांबलात तर काम अर्धवट. सोड्याची झिंक क्लोराइडशी क्रिया होऊन झिंक कार्बोनेटचा पांढरा थर आणि साधं मीठ तयार होतं, आणि मीठ पत्र्यावर ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. म्हणून सोड्यानंतर स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुवा. नळाचं पाणी जड असेल तर शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा. शेवटच्या पाण्यात लिटमस बुडवून बघा. मग लगेच गरम हवेने कोरडं. दहा मिनिटं रेंगाळलात तर उघड्या पोलादावर तांबूस झाक येते.

मेण-चरबी पाण्याने जात नाही. वाळल्यावर ग्रीस काढायच्या द्रवाने दोन फडकी घेऊन पुसा, एक ओलं, एक कोरडं. आणि त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर.

कलईवाल्यांचा नवसागर वापरायचा विचार असेल तर क्लोराइड तिथेही आहेच, धुणं चुकत नाही.

आता तब्येत. १८३ ते २५५ अंशांवर शिशाची वाफ नगण्य असते. लालभडक ज्योतीखाली शिसं उकळवत बसलात तर गोष्ट वेगळी. खरा धोका धुळीचा आणि हातावरून तोंडात जाण्याचा. कानशीचा कीस जाड असतो, खाली पडतो. सँडरची धूळ हवेत राहते आणि फुफ्फुसात जाते. शरीरात शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही, मुलांच्या मेंदूवर तर थोड्याचाही परिणाम होतो. त्यामुळे पी-१०० किंवा पी-३ दर्जाचा मुखवटा, खाली प्लास्टिकची चादर, झाडू आणि ब्लोअर बंद, सगळं ओल्या फडक्याने टिपायचं. कामाचे कपडे घरच्या धुण्यात नकोत. आणि हात धुतल्याशिवाय तोंडात काही नाही. आपल्या गावात हे मुद्दाम सांगावं लागतं: एका हातात कानस आणि दुसऱ्या हातात गुटख्याची पुडी चालणार नाही.

तुम्ही रंग कसा उतरवलात? तो कोरडा घासला असेल तर शिसं तिथेही होतं. जुन्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिशाची रंगद्रव्यं सर्रास असत, शेंदूर हे त्यातलंच एक. सांध्यातल्या अर्ध्या किलोपेक्षा त्या धुळीची काळजी जास्त करा.

सांवेर_रोड
एवढं वाचल्यावर लांबी बरी वाटायला लागली असेल! चेष्टा सोडा. दाराच्या कोपऱ्याचं आता माझ्याकडून ऐका, कारण लांबी वाईट नसते, ती वापरायची आपली पद्धत वाईट असते.

जुनी बोटभर लांबी पूर्ण काढा. खाली भोक निघणार हे धरून चला. भोकावर जाळी ठेवून वर लांबी हा प्रकार इंदुरात अजून चालतो आणि तो दुसऱ्या पावसाळ्यात सुटतो, कारण पाणी मागून येतं. दाराच्या आत काचेवरून उतरलेलं पाणी खाली साचतं. कोपऱ्याच्या तळाशी निचऱ्याची भोकं असतात, ती आधी मोकळी करा. मग कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापा, २० गेजचं ठिगळ कडेला कड लावून वेल्ड करा. सलग न ओढता अंतरा-अंतराने टाके द्या आणि मध्ये थंड होऊ द्या. हातोडी आणि डॉलीने (मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) पातळी दीड-दोन मिमीच्या आत आणा. जमत नसेल तर अजून ठोका. लांबी ही ठोकण्याला पर्याय नाही.

उघड्या पत्र्यावर ८० नंबरचे ओरखडे हवेत. किंवा आधी इपॉक्सी प्रायमर, रात्रभर सुकवून, घासून, वर लांबी. मी दुसरी पद्धत धरतो, कारण मग लांबीतून पाणी गेलं तरी पत्रा झाकलेला राहतो. ॲसिडचा एचिंग प्रायमर मात्र लांबीखाली कधीच नको. त्याचं ॲसिड लांबीचं वाळणं बिघडवतं, खालचा थर चिकट राहतो.

हार्डनर वजनाने २ टक्के, १०० ग्रॅमला २ ग्रॅम. सोनाराकडचा असतो तसला छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो, तो घ्या. डोळ्याने नळी पिळणारे पाच टक्क्यांवर जातात. जास्तीचं पेरॉक्साइड वर येऊन रंगात पिवळट डाग पाडतं, कमी पडलं तर लांबी कधीच पूर्ण वाळत नाही आणि कागदात भरते. २० अंशांवर मिसळलेली लांबी चार-पाच मिनिटं हाताखाली राहते. दर दहा अंशांना हा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणजे मे महिन्यात ४० अंशांवर एक-सव्वा मिनिट. उपाय म्हणून हार्डनर अर्धा टक्का करू नका, डब्यावर दिलेल्या किमान प्रमाणाखाली जायचं नाही. त्यापेक्षा पहाटे काम करा, पत्रा सावलीत ठेवा, एका वेळी मुठीपेक्षा कमी मिसळा.

मिसळायचं काचेवर किंवा प्लास्टिकच्या पाटीवर. खोक्याचा पुठ्ठा नको, तो राळेतलं स्टायरिन शोषतो आणि धागे सोडतो. पट्टीने घडी घालत मिसळा, फेटू नका. फेटलं की हवा अडकते आणि घासताना सुईएवढी भोकं उघडी पडतात. पहिला हात अगदी पातळ, पट्टी उभी धरून दाबून, ओरखड्यांत शिरेल असा. भराव दुसऱ्या हातापासून.

आणि आता आपल्या सगळ्या गॅरेजांची मोठी चूक: लांबीवर पाणी पेपर. पॉलिस्टर लांबीत टाल्क असतं, ती पाणी पिते. ओली घासून दुपारी प्रायमर मारला की पाणी आतच राहतं, मग फोड येतात आणि दोष रंगाच्या कंपनीला. लांबी कोरडीच घासायची: ८०, १२०, १८०, लांब पाटीवर कागद लावून, बोटांनी नाही. मुखवटा इथेही लागतो. पाणी पेपर काढायचा तो टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) प्रायमर वाळल्यावर, ३२० पासून पुढे.

थापी_आणि_मेण
पूर्ण सहमत. दाराच्या सपाट भागाला मीही शिसं लावणार नाही. तेवढ्या रुंद पत्र्याला २०० अंश दिले की तो लाटा मारतो. फक्त दाराच्या कडेला, जिथे उघडझाप करताना टवके उडतात, तिथे शिसं किंवा निदान ॲल्युमिनियम भुकटीची लांबी. ती महाग असते, घासायला कठीण जाते, पण टाल्क नसल्याने पाणी पीत नाही आणि कड धरून ठेवते.

जुन्या_गाड्या_इंदूर
तोच ॲल्युमिनियमचा मुद्दा उलट बाजूने. बॉडीच ॲल्युमिनियमची असेल तर वरची शिशाची पद्धत विसरा. युद्धापूर्वीच्या संस्थानी गाड्यांत लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे सर्रास असत. महाराजा यशवंतराव होळकरांची १९३६ ची ड्युसेनबर्ग इथल्या लोकांना ठाऊक आहे, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली. तसल्या इंग्लिश बॉडीच्या गाडीला हात घालण्याआधी प्रत्येक पत्र्यावर चुंबक लावून बघा. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर झिंक क्लोराइडच्या फ्लक्सला दाद देत नाही, आणि क्लोराइड मागे राहिलं तर पत्रा पांढरी भुकटी होऊन जातो. तिथे ठोकणं, ॲल्युमिनियमचं वेल्ड आणि वर इपॉक्सीची पातळ लांबी.

मार्क२वाला
दोन शंका. एक, डेंटर म्हणतो पूर्ण बॉडी सँड ब्लास्ट करून आणू आणि खालचे भाग पावडर कोटिंगला देऊ. दोन, बिनशिशाच्या कांड्या मिळतात का, त्या चालतील का?

थापी_आणि_मेण
सुटे होणारे पोलादी भाग पावडर कोटिंगला खुशाल द्या, पण शिसं भरलेला कुठलाही तुकडा नाही. पावडरची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते आणि आपलं शिसं १८३ ला मऊ होतं. भट्टीतून गाडी येईल, सांधा भट्टीत राहील. रंगाच्या बूथची ६०-८० अंशांची भट्टी चालते. सँड ब्लास्ट सांध्यांपासून लांब ठेवा. वाळू मऊ शिसं खाते आणि सगळ्या आवारात शिशाची धूळ होते. शिवाय छत आणि बॉनेटचा मोठा पत्रा जोराच्या ब्लास्टने फुगतो, ते वेगळंच. गरम कॉस्टिकच्या टाकीत बॉडी बुडवायची कल्पना कुणी सुचवली तर तीही नको, कॉस्टिक कथील आणि शिसं दोन्ही खातं.

बिनशिशाच्या कांड्या असतात, बहुतांश कथील आणि त्यात थोडं तांबं, जस्त किंवा चांदी. युरोपात १ जुलै २००३ नंतरच्या नव्या गाड्यांत शिसं, काही अपवाद सोडता, बंद झालं. काम होतं, पण मऊ राहण्याची पट्टी अरुंद, धातू कडक, कानशीला जास्त मेहनत आणि किंमत कथिलाची. घरात लहान मूल असेल आणि काम घराच्याच शेडमध्ये होणार असेल तर मी तुम्हाला तेच घ्यायला सांगेन. आधी भंगारातल्या एखाद्या मडगार्डच्या तुकड्यावर उभा धरून हात बसवा.

सांवेर_रोड
क्रमही लिहून ठेवतो, कारण तो चुकला की दोन्हीकडून नुकसान. सगळं वेल्डिंग आधी. मग सांध्याचं शिसं, कानस, धुणं, वाळवणं. मग पूर्ण बॉडीला इपॉक्सी. लांबी त्यानंतर. लांबी भरल्यावर जवळपास ज्योत गेली की ती जळून फुगते, म्हणून शिसं नंतर कधीच नाही. सांध्यात कानशीनंतर बारीक सखल जागा राहिलीच तर इपॉक्सीवर मिमीभर लांबीचा हात चालतो, शिशावर थेट नको, पकड कमजोर असते.

जूनची मुदत पाळता येत नसेल तर इपॉक्सीपर्यंत येऊन थांबा. इपॉक्सी पाणी अडवतं, उघडी लांबी किंवा टू-के प्रायमर शोषतो. मात्र इपॉक्सीचा पुढच्या हाताचा वेळ डब्यावर दिलेला असतो, तो उलटला की वर काही मारण्याआधी परत १८० ने घासायचं. पावसाळ्यात लांबी भरायचीच वेळ आली तर पत्रा आधी दिव्याने ४० अंशांपर्यंत कोमट करा, दव उडू द्या, मग हात घाला.

मार्क२वाला
ठरलं. सांधा शिशाने, दार ठिगळ आणि लांबीने, डाव्या पट्ट्याला हात नाही. शेवटचा प्रश्न: कानशीचा कीस आणि ती फडकी कुठे टाकायची? दीडशे ग्रॅम तरी निघेल.

रसायनवाले
कीस ओल्या फडक्याने टिपून झाकणाच्या डब्यात भरा, वर ‘शिसं’ लिहा आणि बॅटरीचं शिसं रीतसर गाळणाऱ्याकडे जाणाऱ्या माणसाला द्या. मोठे तुकडे वेगळे काढलेत तर पुढच्या कामात परत वितळवता येतील. बारीक कीस वितळवू नका, त्यात फ्लक्स, मेण आणि लोखंडाचा चुरा मिसळलेला असतो. धुण्याचं पहिलं पाणी नालीत किंवा झाडांना नाही. बादलीत रात्रभर ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी उन्हात आटवा आणि सगळा गाळ त्याच डब्यात. फडकी, चादर आणि मुखवट्याच्या गाळण्या एका पिशवीत बांधून कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या, ओल्या-सुक्यात मिसळू नका. जाळू तर अजिबात नका.

थापी_आणि_मेण
आणि थापीवर खूण करून ठेवा. ती परत स्वयंपाकघरात जाता कामा नये, कारण दिसते लाटण्याच्या भावासारखीच.